शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. परंतु चुलीपाशी जिचे आयुष्य गेले ती गृहिणी एकच शीत चेपून पातेले खाली उतरवीत नाही. वरचे, मधले, कडेचे अशी दोन-चार शिते ती पाहते आणि मगच झाकण ठेवते. म्हण एका शिताची असली तरी अनुभव दोन-चार शितांचा आहे.

एखाद्याची मागील सारी वर्षे अपयशात गेली आणि नव्या वर्षाच्या आरंभी त्याच्याविषयी पहिली बरी बातमी कानी आली, की घरोघरी हाच प्रश्न उभा राहतो. गणितात नापास होणारा मुलगा पहिल्या चाचणीत उत्तीर्ण होतो. कर्जात बुडालेल्या भावाच्या शेतात पहिल्या पावसानंतर जोमदार रोप दिसते. या पहिल्या चिन्हावर किती विसंबावे? मन हरखून गेले तर उद्या निराशा पदरी येईल, आणि मुळीच विश्वास ठेवला नाही तर ज्याने कष्टाने सुधारणा केली त्याचा हिरमोड होईल. या प्रश्नाचा विचार करण्यास एका कॉलेजातील खेळाडूंची हकीगत फार उपयोगी आहे, म्हणून ती आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. ती अमेरिकेतील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची असून सन १९६४ च्या हंगामातील आहे.

विद्यापीठ आणि त्याचा खेळ

नोटर डेम हे नाव फ्रेंच आहे. त्याचा अर्थ 'आमची स्वामिनी', म्हणजे पवित्र मरिया. फ्रान्समधून आलेले पवित्र क्रूस संघाचे धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी सन १८४२ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड गावाजवळ काही ब्रदरांसह ही संस्था स्थापन केली. तिच्या मुख्य इमारतीवर सोनेरी घुमट असून घुमटावर मरियेचा पुतळा आहे. अमेरिकेत पोटासाठी आलेल्या आयरिश, पोलिश, इटालियन अशा गरीब कॅथलिक कुटुंबांना त्या देशात दीर्घकाळ परकेपणाने वागविले जाई. अशा लाखो लोकांनी या विद्यापीठाची पायरीही कधी चढली नव्हती. तरी त्याचा फुटबॉल संघ ते आपला मानीत. शनिवारी त्यांचा संघ जिंकला की सोमवारी गिरणीत आणि गोदीत त्यांची मान ताठ असे.

तेथील फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्यातील फुटबॉल नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. आपला चेंडू वाटोळा आणि तो पायाने खेळावयाचा. तेथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळावयाचे किंवा पुढच्या सोबत्याकडे फेकावयाचा. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात आणि मैदान १०० यार्ड लांबीचे असते. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिने चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकले पाहिजे. न जमल्यास चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की 'टचडाउन' होते व त्याचे ६ गुण मिळतात. प्रत्येक चढाईचा आरंभ करणारा, चेंडू कोणाला द्यावयाचा वा कोठे फेकावयाचा हे ठरविणारा जो खेळाडू, त्याला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. सामन्याचे चार भाग असतात. त्या काळी हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपे. दर शनिवारी एक, असे साधारणतः दहाच सामने होत. त्यामुळे पहिल्या तीन-चार आठवड्यांना मोठे महत्त्व असे.

वैभव आणि उतरती कळा

सन १९१८ ते १९३० या काळात नूट रॉकनी हे नोटर डेमचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघांनी १०५ सामने जिंकले, ५ बरोबरीत सोडविले आणि अवघे १२ गमावले. रॉकनी मूळचे नॉर्वेतील ल्युथरन कुटुंबातले. सन १९२५ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. सन १९३१ च्या मार्च महिन्यात विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे फ्रँक लेही यांच्या हाताखाली १९४३, १९४६, १९४७ व १९४९ या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले.

त्यानंतर मात्र कळा उतरली. सन १९५९ पासून १९६३ पर्यंतच्या ५ वर्षांत खेळलेल्या ४९ सामन्यांपैकी १९ जिंकले आणि ३० हरले. जिंकलेले सामने हरलेल्यांहून अधिक असे एकही वर्ष या पाचांत नव्हते. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग हे त्याच काळात विद्येचा दर्जा उंचावण्यासाठी झटत होते. तेव्हा अभ्यास चांगला हवा तर खेळ बिघडणारच, अशी कुजबुजही सुरू झाली.

फसवे आरंभ

या पाच वर्षांत चांगली चिन्हे मुळीच दिसली नाहीत, असे नाही. ती दिसली आणि त्यांनीच लोकांना फसविले. सन १९६० चा पहिला सामना नोटर डेमने कॅलिफोर्नियाविरुद्ध २१-७ असा जिंकला; पुढचे आठ सामने ओळीने गमावले. सन १९६१ मध्ये तर पहिले तिन्ही सामने जिंकले: ओक्लाहोमावर १९-६, पर्ड्यूवर २२-२०, सदर्न कॅलिफोर्नियावर ३०-०. लोकांना वाटले, जुने दिवस परतले! पुढल्या सातांपैकी पाच सामने हरून वर्ष ५-५ असे संपले. ज्या ओक्लाहोमाला हरविल्याचा एवढा आनंद झाला, तो संघ त्या वर्षी आपले पहिले पाचही सामने हरला, हे मागाहून कळले. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरविल्याने आपले बळ सिद्ध होत नाही. पर्ड्यूवरचा विजयही अवघ्या दोन गुणांचा, म्हणजे दोलायमान काट्याचा होता.

सन १९६३ मध्ये ह्यू डेव्होर यांच्याकडे तात्पुरती जबाबदारी आली. पहिले दोन सामने थोडक्यात गेले, मग सदर्न कॅलिफोर्निया व यूसीएलए या दोन बलाढ्य नावांवर लागोपाठ विजय मिळाले, आणि त्यानंतर पाच सामने ओळीने हरले. आयोवाबरोबरचा सामना २३ नोव्हेंबरला व्हावयाचा होता. परंतु आदल्या दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि तो रद्द करण्यात आला. वर्षाचा हिशेब २ विजय व ७ पराभव असा झाला.

एवढ्या वेळा तोंड पोळल्यावर लोक ताकही फुंकून पिऊ लागले, यात नवल नाही. मात्र त्या वाईट वर्षाच्या आकड्यांत एक गोष्ट दडलेली होती. त्या सात पराभवांपैकी चार पराभव ७ किंवा त्याहून कमी गुणांचे होते. विस्कॉन्सिनकडून ९-१४, पर्ड्यूकडून ६-७, मिशिगन स्टेटकडून ७-१२ आणि सिरॅक्यूसकडून ७-१४. खेळाडू निकामी होते असे हे आकडे म्हणत नाहीत. थोडेसे काहीतरी कमी पडत होते, असे म्हणतात. खरे सुधारणेचे चिन्ह पुष्कळदा अपयशाच्या राखेतच निखाऱ्यासारखे असते. परंतु राख उकरून पाहण्याचा धीर सर्वांना नसतो.

प्रतिस्पर्ध्यालाच बोलावणे

सन १९६३ च्या डिसेंबरात विद्यापीठाचे कार्यकारी उपाध्यक्ष फादर एडमंड जॉयस यांनी नव्या प्रशिक्षकाची निवड केली. ती अनेकांना चकित करणारी होती. आरा पार्सेघियन हे तेव्हा ४० वर्षांचे होते आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. त्यांचे वडील आर्मेनियन वंशाचे, आई फ्रेंच, आणि धर्माने ते प्रेस्बिटेरियन. नोटर डेमचे ते विद्यार्थीही नव्हते. अर्धशतकाच्या सुमारास येथे प्रशिक्षकपद माजी विद्यार्थ्यांकडेच राहत आले होते. शिवाय १९५९ ते १९६२ या चारही वर्षी त्यांच्याच नॉर्थवेस्टर्न संघाने नोटर डेमचा पराभव केला होता. सन १९६१ मध्ये उत्तम आरंभानंतर नोटर डेमची घसरगुंडी सुरू झाली, त्या घसरगुंडीत १२-१० असा पराभव करणारा संघ त्यांचाच होता.

ज्याने चारदा आपले नाक कापले त्याच्याच हाती घराच्या किल्ल्या द्यावयाच्या, याला मोठे मन लागते. ज्या माणसाला आपले दोष नेमके ठाऊक आहेत त्याला शत्रू न मानता गुरू मानणे, हे त्या वर्षीचे पहिले चांगले चिन्ह होते. आणि ते मैदानावर नव्हे, फादरांच्या कचेरीत दिसले.

हंगामापूर्वीचे काम

पार्सेघियन यांनी बाहेरून नवे वीर आणले नाहीत. मागील वर्षी हरलेलीच मुले बहुतांशी त्यांच्या हाती होती. त्यांनी प्रत्येकाला पुन्हा पारखले आणि जागा बदलल्या. चेंडू घेऊन धावण्याच्या कामी लावलेले काही धिप्पाड, अवजड मुलगे त्यांनी आघाडीच्या फळीत नेले. तेथे वजन हेच बळ ठरते. बैलाला घोड्याचे काम दिले तर दोष बैलाचा नसतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच वर्षी खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले होते. त्याचा लाभ घेऊन चढाईसाठी एक तुकडी आणि बचावासाठी दुसरी, अशी वाटणी त्यांनी केली. बचावाची जबाबदारी जॉन रे या साहाय्यकाकडे सोपविली. रोजचा सराव मिनिटामिनिटाने आखलेला असे. कोणी रिकामा उभा राहत नसे आणि उगाच कोणाला दमवीतही नसत.

या पारखणीतून दोन नावे पुढे आली. जॉन हुआर्टे हा कॅलिफोर्नियातील अबोल स्वभावाचा तरुण शेवटच्या वर्षाला पोचला होता; परंतु पुरेसा खेळण्याची संधी न मिळाल्याने विद्यापीठाचे खेळाडूचे मानचिन्ह त्याला एकदाही मिळाले नव्हते. त्याला पार्सेघियन यांनी क्वार्टरबॅक केले. जॅक स्नो हाही कॅलिफोर्नियाचा. त्याच्याकडे मागील वर्षी चेंडू मोजक्याच वेळा फेकला गेला होता. त्याने वजन उतरविले आणि त्याला मैदानाच्या कडेने धावून लांबचे चेंडू झेलण्याच्या जागी ठेवण्यात आले.

वसंत ऋतूतील सरावात हुआर्टेच्या चेंडू फेकण्याच्या हाताचा खांदा दुखावला. काही डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. ती झाली असती तर त्याचे शेवटचे वर्ष वाया गेले असते. प्रशिक्षकांनी आणखी वैद्यकीय सल्ला घेतला, शस्त्रक्रिया टळली आणि विश्रांतीने खांदा बरा झाला. एका माणसाने घाई न करता आणखी एकदा विचारले, यावर त्या मुलाचे भवितव्य अवलंबून होते. उन्हाळ्याच्या सुटीत हुआर्टे व स्नो यांनी कॅलिफोर्नियात एकत्र सराव केला. एक फेकी, दुसरा झेली. त्या वेळी पाहावयास प्रेक्षक नव्हते आणि गुण मोजावयास पंच नव्हते.

चार शनिवार

दिनांक २६ सप्टेंबर १९६४ रोजी मॅडिसन येथे विस्कॉन्सिनशी पहिला सामना झाला. मागील वर्षी याच संघाने हंगामाच्या पहिल्याच दिवशी नोटर डेमला हरविले होते. या खेपेस निकाल ३१-७ असा नोटर डेमच्या बाजूने लागला. हुआर्टेने स्नोकडे चेंडू फेकून दोन टचडाउन मिळविले, एक ६१ यार्डांचे व दुसरे ४२ यार्डांचे. दोन विस्मृत मुलांची नावे दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली.

परंतु हे एकच शीत. विस्कॉन्सिनचा संघ त्या वर्षी फारसा समर्थ नव्हता; वर्षअखेरीस त्याचे ३ विजय व ६ पराभव झाले. सन १९६० चा पहिला सामनाही असाच आनंद देऊन गेला होता. ज्यांनी त्या रविवारी फटाके उडविले नाहीत ते निराशावादी नव्हते, शहाणे होते.

दुसरे शीत ३ ऑक्टोबरला, घरच्या मैदानावर. प्रतिस्पर्धी पर्ड्यू. हा संघ खरा कसदार होता. बॉब ग्रीसी हा पुढे नामांकित झालेला क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता, आणि त्या वर्षी त्यांनी ६ सामने जिंकून ३ च गमावले. मागील वर्षी नोटर डेमला या संघाविरुद्ध सगळे मिळून ६ गुण करता आले होते. आता निकाल ३४-१५ लागला. या सामन्यात केविन हार्डी या नव्या मुलाने प्रतिपक्षाची लाथ आडवून चेंडू अडविला, आणि ॲलन पेज या दुसऱ्या नव्या मुलाने तो उचलून ५७ यार्ड पळत जाऊन टचडाउन केले. दोघेही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात घेण्याची तेव्हा मुभा नसे. म्हणजे मोठ्या मैदानावरचा हा त्यांचा दुसराच सामना होता. येथे दिसलेले चिन्ह पहिल्याहून वेगळे आहे. पहिल्या शनिवारी दोघे चमकले. दुसऱ्या शनिवारी कळले की गुण मिळविण्यासाठी त्या दोघांवरच संघ अवलंबून नाही. बचावाची तुकडीही सामना फिरवू शकते.

तिसरा सामना १० ऑक्टोबरला एअर फोर्सशी, परक्या मैदानावर. निकाल ३४-७. तीन सामन्यांत मिळून नोटर डेमचे ९९ गुण झाले होते. मागील संपूर्ण वर्षात नऊ सामने खेळून १०८ झाले होते. चौथा सामना १७ ऑक्टोबरला यूसीएलएशी झाला. त्यात नोटर डेमने २४ गुण केले आणि प्रतिपक्षास एकही करू दिला नाही. सन १९६१ मध्ये तीन विजयांनंतर चौथ्या शनिवारी घसरण लागली होती. तोच चौथा शनिवार या वर्षी सर्वांत निर्वेध गेला.

चार ठिकाणची चार शिते चेपून झाली. पहिल्यात चढाई, दुसऱ्यात बचाव व नव्या मुलांचा धीर, तिसऱ्यात परमुलखातील स्थैर्य आणि चौथ्यात सातत्य. केवळ चार विजय म्हणून मोजले तर त्यांचे मोल थोडे. चार निरनिराळे गुण म्हणून पाहिले तर मात्र विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

तोच प्रतिस्पर्धी, दुसरे वर्ष

पुढेही तेच घडत गेले. स्टॅनफर्डने १९६३ मध्ये २४-१४ हरविले होते, आता नोटर डेमने २८-६ जिंकले. नेव्हीने ३५-१४ हरविले होते. त्या संघातील रॉजर स्टॉबक याला १९६३ सालचा हाइसमन करंडक, म्हणजे कॉलेज-फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळालेला होता. आता फिलाडेल्फियात त्याच नेव्हीवर ४०-० असा विजय झाला. पिट्सबर्गने २७-७ हरविले होते, आता १७-१५ असा निसटता का होईना विजय मिळाला. मिशिगन स्टेटविरुद्ध ७-१२ च्या जागी ३४-७ झाले. आयोवावर २८-० मात केली. नऊ सामने, नऊ विजय. नोव्हेंबरात राष्ट्रीय क्रमवारीत नोटर डेमचे नाव अग्रस्थानी होते.

पिट्सबर्गच्या सामन्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. वाईट वर्षातील संघ असे दोन गुणांचे सामने गमावीत असे. सुधारलेला संघ दर वेळी मोठा विजय मिळवितो असे नाही. ज्या दिवशी त्याचा खेळ साधत नाही त्या दिवशीही तो कोसळत नाही. ४०-० पेक्षा १७-१५ मध्ये सुधारणेचा पुरावा अधिक आहे, असे आम्हांस वाटते. सुगीच्या वर्षी कोणीही दानशूर होतो; टंचाईत घर चालविणारा तो खरा कर्ता.

त्याच नोव्हेंबरात जॉन हुआर्टे यास हाइसमन करंडक जाहीर झाला. वर्षभरापूर्वी आपल्याच विद्यापीठाचे मानचिन्ह ज्याच्याजवळ नव्हते, त्याला साऱ्या देशाचा मान मिळाला. स्नोने त्या हंगामात ६० चेंडू झेलले.

शेवटचा शनिवार

दिनांक २८ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस येथे सदर्न कॅलिफोर्नियाशी अखेरचा सामना होता. अर्ध्या वेळेस नोटर डेम १७-० ने पुढे होते. उत्तरार्धात काटा फिरला. प्रतिपक्षाने दोन टचडाउन केले. नोटर डेमचे एक टचडाउन नियमभंगामुळे पंचांनी रद्द ठरविले. सामना संपण्यास दीड मिनिट राहिले असता क्रेग फर्टिग याने रॉड शर्मन याच्याकडे चेंडू फेकला आणि सदर्न कॅलिफोर्निया २०-१७ असे विजयी झाले. निर्विवाद अजिंक्यपद हातातोंडाशी येऊन निसटले. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत नोटर डेम तिसरे आले. नॅशनल फुटबॉल फाउंडेशनने मात्र आपला मॅकआर्थर करंडक त्यांनाच दिला.

मग सप्टेंबरातील चिन्हे खोटी ठरली काय? येथेच आम्ही वाचकांना थोडे थांबावयास सांगतो. चिन्ह आणि वचन यांत भेद आहे. सुधारणेचे चिन्ह एवढेच सांगते की माणूस आता योग्य वाटेवर आहे. वाटेत ठेच लागणार नाही असे ते सांगत नाही. जो चिन्हालाच वचन समजतो तो पहिल्या ठेचेबरोबर माणसावरचा विश्वासही गमावतो, आणि तेथेच खरे नुकसान होते. नोटर डेमच्या अधिकाऱ्यांनी तसे केले नाही. एका शनिवारच्या दीड मिनिटासाठी त्यांनी नऊ शनिवारांचे काम पुसून टाकले नाही.

सन १९६४ मध्ये दुसऱ्या वर्षात असलेली मुले सन १९६६ मध्ये शेवटच्या वर्षाला आली. पेज त्यांतच होता. त्या वर्षी नोटर डेमने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि पुढे सन १९७३ मध्ये पुन्हा. पार्सेघियन सन १९७४ च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या ११ वर्षांच्या खाती ९५ विजय, १७ पराभव व ४ बरोबरी जमा होत्या. सन २०१७ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी ते निवर्तले. ॲलन पेज पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये कीर्तिमान झाला आणि खेळता-खेळताच कायद्याची पदवी घेऊन मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. त्या पदावर त्याने १९९३ पासून २०१५ पर्यंत काम केले. अभ्यास सुधारला तर खेळ बिघडतो, ही कुजबुज अशा रीतीने दोन्ही बाजूंनी खोटी पडली.

घरच्या मापाने

आपल्या घरातील मुलाबाळांकडे पाहताना या हकीगतीतून चार साध्या गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, मागील अपयश नीट उलगडून पाहावे. सात पराभवांत चार थोडक्याचे असू शकतात. नापास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिका कोणी वाचतो काय? किती गुण पडले एवढेच आपण विचारतो. दुसरी, मूल मठ्ठ आहे असे ठरविण्यापूर्वी ते चुकीच्या जागी तर उभे नाही ना, हे पाहावे. तिसरी, पहिल्या यशाला शाबासकी अवश्य द्यावी, परंतु पेढे वाटण्याची घाई करू नये. दुसरे, तिसरे, चौथे शीत पाहावे, आणि तेही निरनिराळ्या जागचे. गणितात बरे गुण पडले, हे उत्तम. आता तो पहाटे आपण होऊन उठतो काय, कठीण उदाहरण आले असता पुस्तक मिटतो की पान उलटून पुन्हा बसतो, हे पाहावे. चौथी, एवढे पाहून झाल्यावर विश्वास ठेवावा आणि मग एका ठेचेने तो काढून घेऊ नये.

जॉन हुआर्टेचा खांदा सन १९६४ च्या वसंतात दुखावला तेव्हा त्याच्याजवळ दाखविण्यासारखे काहीच नव्हते. ना मानचिन्ह, ना विजय, ना नाव. त्या वेळी कोणीतरी त्याच्यासाठी आणखी एका डॉक्टराकडे विचारणा केली. पातेल्यातील पहिले शीत हाती येण्याच्या कितीतरी आधी चुलीतला जाळ कोणीतरी नीट लावलेला असतो.